बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

ठाणे, कल्याण-डोंबिवलीतले पालक विचारतात, "मुलगा बेसबॉल खेळतो, पण पुढे काय?"

सोपी वाट शाळेतून जाते. शालेय स्पर्धेत वयोगट तीन: 14, 17 आणि 19 वर्षांखालील. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या महापालिकांच्या स्पर्धा स्वतंत्र होतात आणि त्यांना जिल्हास्तराचा दर्जा असतो. तिथला विजेता संघ मुंबई विभागात, मग राज्यस्तरावर. पुढे निवड झाली तर मूल महाराष्ट्राकडून राष्ट्रीय शालेय स्पर्धेत उतरतं. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचे निकष याच स्तरांनुसार ठरतात, म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवा.

दुसरी वाट बेसबॉल संघटनेची. तिथे सब-ज्युनिअर, ज्युनिअर आणि सीनिअर असे गट असतात आणि संघ निवड चाचणीतून ठरतो. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत, गल्लत करू नका.

आणि हो, सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉल नव्हे! सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मोठा आणि खालून हात फिरवून टाकतात. बेसबॉलमध्ये चेंडू लहान, हात वरून, आणि मोठ्यांच्या मैदानात दोन बेसमध्ये 90 फूट अंतर. लहान मुलांच्या खांद्याला हा फेकीचा ताण फार, त्याकडे लक्ष हवंच.

शाळेच्या क्रीडाशिक्षकांना आजच विचारा, यंदा आपल्या शाळेचा संघ नोंदवलाय का?