शिपायाच्या पाठीवरचे पाणी

तहान लागल्यावर विहीर खणायला निघणाऱ्याची आपण थट्टा करतो. पण भर उन्हात ओझे घेऊन चालणाऱ्या सैनिकाच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी ठरते. घशाला कोरड पडून तहान जाणवते, तोवर शरीरातले बरेचसे पाणी घामावाटे निघून गेलेले असते. साठ किलो वजनाच्या जवानाचे सव्वा लिटर पाणी घटले, की त्याची चाल मंदावू लागते. आणि कडक उन्हात एवढा घाम निथळायला एक तास पुरतो!

पूर्वी फौजेबरोबर पाणी चाले ते भिस्त्याच्या मशकीतून आणि जनावराच्या पाठीवरच्या पखालीतून. (‘दुखणे हेल्याला आणि डाग पखालीला’ ही म्हण वर्गात शिकवताना हल्ली आधी पखालच समजावून सांगावी लागते.) पहिल्या महायुद्धात पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढल्या. त्या काळी हिंदी फौजेच्या पाण्याची मोठी मदार पखाली वाहणाऱ्या खेचरांवर असे. ब्रिटिश फौजेच्या शिपायाच्या कमरेला एक एनॅमलची बाटली लटके. तिच्यात जेमतेम लिटरभर पाणी मावे. तिच्यावरचे जाड लोकरी आवरण भिजवले, की आतले पाणी माठातल्यासारखे थोडे गार राही. मात्र ते प्यायचे केव्हा, हे शिपायाने ठरवायचे नाही! साहेबाचा हुकूम होईपर्यंत बुचाला हात लावायचा नाही, अशी शिस्त. कमी पाण्यावर राहण्याची सवय शरीराला लावता येते, अशी तेव्हा समजूत होती.

ही समजूत खोटी ठरवली ती प्रयोगांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे ई. एफ. अडॉल्फ आणि त्यांचे सहकारी यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांच्या घामाचा आणि पाण्याचा हिशेब मांडला. 1947 साली त्यांचा ग्रंथ निघाला. अन्नावाचून काही दिवस काढता येतात, पण घामाची उधारी शरीर चालू देत नाही, असे त्यांना आढळले. त्याहून नवलाची गोष्ट निराळीच. पाणी जवळ असूनही उन्हात राबणारा माणूस गेले तितके पाणी आपण होऊन पीत नाही. ती तूट तो पुढे जेवायला बसल्यावर भरून काढतो. म्हणजे पाणी पुरवून भागत नाही, ते प्यायले जाईल अशी सोय हवी. हातात बंदूक, पाठीवर बोचके, पुढचा गडी चालतो आहे. अशा वेळी थांबून, बाटली काढून, बूच उघडण्याचा खटाटोप कोण करील?

याचे उत्तर सापडले ते लष्कराबाहेर. 1980 च्या दशकाच्या अखेरीस टेक्सासमध्ये, ऑगस्टच्या काहिलीत, शंभर मैलांच्या सायकल शर्यतीत मायकेल आयडसन नावाचा गृहस्थ उतरला. तो रुग्णवाहिकेवर काम करणारा. त्याने सलाइनची पिशवी पाण्याने भरली, लांब पायमोज्यात घातली, मोजा सदऱ्याच्या पाठीला शिवला आणि नळी खांद्यावरून पुढे घेऊन कपडे वाळत घालायच्या चिमट्याने दाबून ठेवली! त्यातूनच ‘कॅमलबॅक’ ही कंपनी उभी राहिली. (उंटाच्या मदारीत पाणी नसून चरबी असते; पण नाव ठेवणाऱ्याला कोण अडवणार?) अफगाणिस्तान आणि इराकमधल्या युद्धांत अमेरिकन सैनिकांच्या पाठीवर ही पिशवी सर्रास दिसू लागली.

पिशवीत साधारण तीन लिटर पाणी मावते. नळीच्या टोकाची मऊ झडप दातांनी किंचित दाबली, की घोट तोंडात. हात मोकळे, पाय चालते. आणखी एक गुण सहसा ध्यानात येत नाही. अर्धी रिकामी बाटली चालताना डुचमळते आणि रात्रीच्या शांततेत शत्रूला सावध करते. पिशवी मात्र पाणी ओढले जाईल तशी चपटी होत जाते, आवाज करीत नाही. दोषही आहेत. पाठीवरचे पाणी दिसत नाही, त्यामुळे किती उरले याचा अंदाज चुकतो. शिवाय नळीत बुरशी धरते. अरुंद तोंडाची बरणी घासणाऱ्या गृहिणीला ही कटकट निराळी सांगायला नको.

पाणी सोपे झाले, की अतिरेकही सोपा होतो. घामाबरोबर मीठ जाते. वर नुसते पाणीच ढोसत राहिले, तर रक्तातले मीठ पातळ होऊन मेंदूला सूज येते आणि माणूस दगावतोही. म्हणून 1998 साली अमेरिकन लष्कराने आपले नियम बदलले आणि तासाला सुमारे दीड लिटर ही वरची मर्यादा घातली. जेथे एकेकाळी ‘पिऊ नका’ असा हुकूम होता, तेथे ‘याहून जास्त पिऊ नका’ असा आला!

आपल्या जवानांपुढे याच्या अगदी उलट संकट आहे. 1984 पासून आपली फौज सियाचेनवर उभी आहे. तेथे पाणी म्हणजे स्टोव्हवर वितळवलेला बर्फ. विरळ, कोरड्या हवेत नुसत्या श्वासावाटेही अंगातले पाणी उडून जाते, आणि थंडीत तहान मंदावते. अशा गारठ्यात सर्वांत आधी गोठते ती बारीक नळीच. म्हणून घोट घेतला, की नळीत उलट फुंकर मारून उरलेले पाणी पिशवीत परत ढकलायचे आणि नळी कोटाच्या आत घ्यायची, असा बर्फात वावरणाऱ्यांचा रिवाज आहे. थंडी फारच वाढली, की नळी बाजूला ठेवून जुनी बाटलीच बरी. ती कोटाच्या आत, अंगाच्या उबेला ठेवायची.