कुसळीची करामत

दिवाळीच्या सुट्टीत डोंगर भटकून आलं की पायमोज्यांतली कुसळं उपटत बसणं आलंच. वैतागून फेकतो खरं, पण कुसळी गवताचं हे साधं कुसळ म्हणजे स्वतःच्या बळावर जमिनीत घुसणारं बियाणं आहे!

एक कुसळ तळहातावर घेऊन बघा. पुढे टोकदार अणी, तिच्यावर मागे वळलेले तांबूस केस आणि पाठीमागे पाच ते दहा सेंटिमीटरची, पीळ पडलेली काळपट शेपटी. तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. पीळ सुटायला लागतो आणि कुसळ गरकन फिरतं! वाळलं की पीळ पुन्हा पडतो. माळावर हेच काम रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन करतं. मातीच्या फटीत अडकलेलं बी गिरमिटासारखं खाली उतरतं, आणि उलटे केस त्याला मागे सरकू देत नाहीत. वरून वणवा गेला तरी मातीत शिरलेलं बी वाचतं.

कणसातल्या सगळ्याच फुलांना शेपटी नसते. खालची बिनशेपटीची, वरची शेपटीवाली. पिकल्यावर शेजारशेजारच्या शेपट्या एकमेकींत गुंतून त्यांची वेणीच होते.

कुसळीचं शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कंटॉर्टस. दख्खनच्या मुरमाड माळांवर हे गवत अस्सल इथलंच. उन्हाळ्यात वरून वाळतं, पण बुडखा जिवंत असतो आणि पाऊस पडला की फुटवे येतात. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना, असा त्याचा पसारा. हवाई बेटांवर त्याला 'पिली' म्हणतात. तिथले लोक पूर्वी त्यानंच घरं शाकारत.

आपल्याकडे मात्र अशा माळांना पडीक म्हणायची सवय लागली आहे. हिरवाई आणायची म्हणून तिथे खड्डे खणून झाडं लावली जातात, याचं फार वाईट वाटतं. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य किंवा सुप्याचं मयुरेश्वर अभयारण्य पाहा. चिंकारा, लांडगा, चंडोल यांना उघडा गवताळ माळच लागतो, दाट झाडी नव्हे.

वैरण म्हणून कुसळी वाईट नाही, फक्त कापणीची वेळ साधावी लागते. कुसळं धरण्याआधी कापली तर गुरं आवडीनं खातात, उशीर झाला तर तोंड लावत नाहीत. मेंढ्यांचे हाल त्याहून वाईट. कुसळ लोकरीत शिरतं आणि तोच पीळ सोडत-घालत थेट कातडीत रुततं.