दूध पुरत नाही, असे वाटते तेव्हा

प्रसूतिपश्चात कक्षात वारंवार कानी पडणारे वाक्य म्हणजे "बाळाला दूध पुरत नाही". बहुधा ते दुसऱ्या दिवशी सायंकाळी उच्चारले जाते. कधी बाळंतीण स्वतः बोलते, कधी तिची आई वा सासू, तर कधी भेटीस आलेली एखादी मावशी. थोड्याच वेळात कोणीतरी औषधांच्या दुकानातून पावडरच्या दुधाचा डबा आणते. या चिंतेमागील शास्त्र रुग्णांच्या आप्तांस व आमच्या हितचिंतकांस समजावे, या हेतूने हा लेख अहवालात समाविष्ट केला आहे.

पहिल्या दिवशी नवजात अर्भकाच्या जठरात एका वेळी जेमतेम चमचाभर दूध मावते. निसर्गही तेवढेच देतो. हा घट्ट, पिवळसर चीक प्रमाणाने अल्प असला तरी रोगप्रतिकारक द्रव्यांनी समृद्ध असतो, आणि म्हणूनच तो पिळून टाकण्याची जुनी रीत आम्हांस अत्यंत खेदजनक वाटते. वार पडल्यानंतर मातेच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते आणि त्यानंतर साधारण दोन ते तीन दिवसांत दूध भरून येऊ लागते. शस्त्रक्रियेने प्रसूती झाल्यास, अतिरक्तस्राव झाल्यास किंवा मातेस मधुमेह असल्यास आणखी एखादा दिवस लागू शकतो. दरम्यान बाळाचे वजन थोडे उतरते. ही घट जन्मवजनाच्या सात टक्क्यांपर्यंत असेल तर सहसा काळजी नसते. दहा टक्क्यांकडे झुकू लागल्यास मात्र आम्ही सावध होतो. दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्मवजनावर परत येणे अपेक्षित असते.

दूध तयार होणे आणि दूध उतरणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली प्रोलॅक्टिन या संप्रेरकावर अवलंबून असते. बाळ जितके चोखते तितके ते स्रवते, आणि रात्री त्याचे प्रमाण अधिक असते. म्हणून रात्रीचे पाजणे टाळू नये. दुसरी क्रिया ऑक्सिटोसिनची. आपल्या भाषेत तिला फार पूर्वीपासून शब्द आहे : पान्हा. वेदना, लाज, धास्ती यांनी पान्हा अडतो. स्तनांत दूध असूनही ते बाळापर्यंत पोहोचत नाही, आणि भोवतालचे लोक "दूध आटले" म्हणतात. हे ऐकून माता अधिकच घाबरते व पान्हा आणखी अडतो. खाटेभोवती जमलेली माणसे कमी करण्याची विनंती आमच्या परिचारिका करतात, त्याचे एक कारण हेही आहे.

स्तनात साचून राहिलेले दूध पुढील निर्मिती मंदावते. वरचे दूध मिळालेले बाळ पोट भरल्याने झोपी जाते, कमी चोखते, स्तन रिकामे होत नाहीत आणि दूध खरोखरच घटू लागते. नसलेली अडचण डब्यामुळे अशा रीतीने उभी राहते.

मग पुरते की नाही, हे ओळखावे कसे? बाळ रडते, यावरून निष्कर्ष काढू नये. रडण्याची कारणे अनेक. सायंकाळी काही बाळे तास-दोन तास सारखी छातीशी लागू पाहतात, तेही स्वाभाविकच आहे. काही आठवड्यांनी स्तन मऊ लागतात, कारण निर्मिती मागणीशी जुळलेली असते. पंपाने किती निघाले यावरूनही अंदाज बांधू नये, कारण बाळ पंपापेक्षा कितीतरी अधिक कुशलतेने दूध ओढते. भरवशाच्या खुणा साध्या आहेत. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा वा अधिक वेळा फिकट लघवी, काळ्या शीची पिवळी झालेली शी, आणि पुढे दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वजनवाढ. पाजताना बाळ गिळत असल्याचा आवाजही ऐकू येतो.

खुणा समाधानकारक नसतील, तर आम्ही प्रथम बाळाची पकड पाहतो. तोंड मोठे उघडलेले, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनास टेकलेली असावी. बाळ केवळ स्तनाग्र धरीत असेल तर आईला दुखते व बाळ उपाशी राहते. पकड सुधारणे, दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजणे आणि आवश्यक तेथे हाताने दूध काढून वाटी-चमच्याने वा बोंडल्याने देणे, एवढ्याने बहुसंख्य मातांची अडचण दूर होते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आनंदाने खावेत. स्तनपान देणाऱ्या मातेस पहिल्या सहामाहीत रोज सुमारे ६०० उष्मांक अधिक लागतात. पण दूध लाडवाने वाढते त्याहून अधिक चोखण्याने वाढते, हे आजीबाईंनी कृपया ध्यानी घ्यावे.

मराठवाड्याच्या उन्हाळ्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीपार गेला की, "बाळाला तहान लागत असेल" या कळवळ्याने पाणी, मध, घुटी दिली जाते. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. सहा महिन्यांपर्यंत वेगळे पाणी नको. पाण्याने पोट भरते आणि दूध कमी प्यायले जाते. मध तर वर्षापर्यंत देऊच नये. मात्र खरोखर दूध कमी पडत असेल, तर याच दिवसांत बाळ झपाट्याने कोरडे पडते व रक्तातील सोडियम धोकादायक पातळीवर जाते. असे बाळ रडत नाही, निपचित झोपते, आणि "किती शहाणे बाळ" म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पाजण्यास उठत नसलेले, लघवी घटलेले, ताप असलेले वा पिवळे दिसणारे बाळ त्याच दिवशी रुग्णालयात आणावे. पैठण, कन्नड, सिल्लोडकडून येणाऱ्या कुटुंबांनी सकाळची वाट पाहू नये.

थोड्या मातांना मात्र दूध खरोखरच कमी येते. वारेचा तुकडा गर्भाशयात राहणे, थायरॉइडचा विकार, स्तनांवरील पूर्वीची शस्त्रक्रिया, दुग्धग्रंथींची अपुरी वाढ ही त्यामागील काही कारणे. यात मातेचा कोणताही दोष नसतो, दृष्टीचा तर नाहीच. अशा बाळास डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक दूध देणे हाच योग्य उपचार होय, आणि आम्ही तो निःसंकोच करतो. कमी दिवसांच्या बाळांसाठी दात्या मातांचे निर्जंतुक केलेले दूध अधिक श्रेयस्कर. त्याचा मार्ग आपल्याच राज्याने दाखविला : मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली.

दुधाच्या डब्यांची जाहिरात व मोफत नमुने यांस १९९२ च्या कायद्याने मनाई केली, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात पहिल्या तासात स्तनपान मिळालेली बालके ४१.८ टक्केच होती. हा पहिला तास प्रसूतिकक्षातील माणसांच्या हाती असतो. बाळंतिणीशेजारी अर्धा तास शांतपणे बसून पकड दुरुस्त करणारी परिचारिका आणि अचूक वजनकाटा यांना पर्याय नाही. देणगीदारांच्या साहाय्याचा विनियोग करताना या दोहोंचा विचार आम्ही प्राधान्याने करतो. घरी परतलेल्या मातांनी पहिल्या आठवड्यात एकदा बाळाचे वजन करून घ्यावे. त्यासाठी बाळ आजारी पडण्याची वाट पाहू नये.