वसाहतीतील रस्ता : खर्च विकासकाचा की करदात्याचा?

नवीन वसाहतीत घरे आधी उभी राहतात आणि रस्ता मागाहून येतो, असा अनुभव राज्यातील अनेक तालुक्यांच्या गावी येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरी हे अशा गावांचे एक बोलके उदाहरण होय. मुळेच्या पाण्यावरील बागायत, साखर कारखानदारी, १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषि विद्यापीठ आणि नगर-मनमाड महामार्ग यांमुळे या परिसरात वस्ती वाढत गेली आणि शेतजमिनींचे भूखंड पडू लागले.

अशा गावी वाद ठरलेला असतो. भूखंडधारक घर बांधतो, घरपट्टी भरू लागतो आणि पहिल्याच पावसाळ्यात दाराशी चिखल झाला की नगरपरिषदेकडे अर्ज करतो. रस्ता विकासकाने करावयाचा होता, असे त्यास सांगण्यात येते. आपण विकास शुल्क भरलेले असल्याने पुढील काम नगरपरिषदेचे, असे विकासक म्हणतो. जुन्या गावठाणातील करदात्याचा प्रश्न याहून रोकडा असतो : आमची गल्ली तशीच असताना आमच्या पट्टीतून दुसऱ्याचे भूखंड का सजवावेत?

या तिघांपैकी कोणीही सर्वस्वी चुकीचे बोलत नाही. घोटाळा होतो तो ‘रस्ता’ या एकाच शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी आल्यामुळे. विकास आराखड्यातील रस्ता साऱ्या गावाच्या वाहतुकीसाठी असतो. त्याची जमीन महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये संपादन करून अथवा मोबदल्यात वाढीव चटई क्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क देऊन घेतली जाते. त्याचा भार सार्वजनिक निधीवर पडणे रास्तच आहे. अभिन्यासातील अंतर्गत रस्ता मात्र तेथील भूखंडांना पोहोचण्यासाठीच असतो. त्या रस्त्यावाचून भूखंड विकताच आला नसता. सबब त्याचा खर्च भूखंडाच्या किमतीतून, म्हणजे विकासकामार्फत, भागणे न्याय्य ठरते.

विकास शुल्काविषयीचा गैरसमज येथेच दूर करावयास हवा. १९९२ साली उपरोक्त अधिनियमात समाविष्ट झालेले हे शुल्क सार्वजनिक सुखसोयींसाठी आहे. ते भरल्याने अभिन्यासातील रस्ते, गटारे व दिवाबत्ती यांच्या जबाबदारीतून विकासक मोकळा होत नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मध्ये तर रस्ते, पदपथ, पाणीपुरवठा व सांडपाणी यांची गणना स्पष्टपणे अंतर्गत विकासकामांत केली आहे. जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक असेल अशा भूखंड प्रकल्पांसही, काही अपवाद वगळता, तो लागू होतो आणि ताबा दिल्यापासून ५ वर्षांत आढळलेला कामातील दोष प्रवर्तकाने विनामूल्य दूर करावयाचा असतो.

कायदा इतका स्पष्ट असूनही वाद का उरतो? कारण पैसा मागण्याची वेळ टळून गेलेली असते. भूखंड विकले जाण्यापूर्वी विकासकाला मंजुरीची गरज असते. विकले गेल्यावर ती राहत नाही. अंतिम मंजुरीपूर्वी जागेवर जाऊन रस्ता पाहणे हाच काय तो प्रभावी उपाय, आणि पाहणे म्हणजे केवळ मुरमाचा थर पाहणे नव्हे. बागायती पट्ट्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तीवर वीतभर मुरूम पसरून रोलर फिरवला तर विक्रीच्या दिवसापुरता रस्ता झकास दिसतो. काळी माती काढून खाली मुरमाचा पक्का भराव, त्यावर खडीचे दाबलेले थर, मधोमध उंचवटा आणि दोन्ही बाजूंना गटार, एवढे असल्यावाचून तो टिकत नाही. गटारास पुढे निचऱ्याची वाट आहे काय, हे तर क्वचितच कोणी विचारतो.

हरियाणाने १९७५ च्या कायद्याने यावर एक तोड काढली. वसाहत उभारणाऱ्याने विकासकामांच्या अंदाजित खर्चाच्या २५ टक्के रकमेची बँक हमी द्यावयाची आणि काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यानंतर ५ वर्षे रस्त्यांची देखभालही करावयाची. हमी हातात असली की नोटिसा धाडण्याची वेळ फारशी येत नाही.

जेथे विकासकच नाही तेथे प्रश्न अधिक नाजूक होतो. एखादा शेतकरी अडीअडचणीला एकेक गुंठा विकत जातो. दहा वर्षांत तेथे आळी उभी राहते. नकाशा नाही, मंजुरी नाही, जबाबदार इसमही नाही. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने अशी बांधकामे नियमित करण्याची सोय केली आणि २०२१ मधील सुधारणेने तिची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढविली. परंतु त्यासाठीचे शुल्क भूखंडधारकच भरतो. स्वस्त म्हणून घेतलेल्या गुंठ्याची उरलेली किंमत तो अशी हप्त्याने चुकवितो.

ग्रामपंचायतींची स्थिती आणखी अवघड आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी बांधलेली होती. उरलेल्या ४० टक्क्यांतच रस्त्यांसह इतर कामे बसवावयाची होती. अशा वेळी बांधावरच्या वाटेला टेकून भूखंड पाडले जातात. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार देतात तो रस्ता शेतीच्या वहिवाटीसाठी असतो. शंभर घरांची रहदारी त्यावर अभिप्रेत नाही. तो रुंद करण्याची मागणी मग ग्रामसभेत येते आणि शेजारच्या शेतकऱ्याने फुकट जमीन सोडावी, अशी अपेक्षा केली जाते.

विकासकाची एक तक्रार मात्र ऐकून घेण्याजोगी आहे. त्याच्या अभिन्यासापर्यंत येणारा मुख्य रस्ताच झाला नसेल, तर आतले चांगले रस्ते काय कामाचे? येथे नगररचना योजनेचा जुना मार्ग उपयोगी पडतो. मुंबई नगररचना अधिनियम, १९१५ पासून ही पद्धत आपल्याकडे आहे. अनेक मालकांच्या जमिनी एकत्र करून, रस्त्यांसाठी प्रत्येकाकडून थोडी जागा घेऊन, उरलेले भूखंड नव्याने आखून परत दिले जातात. जमिनीचे मूल्य जेवढे वाढले त्याच्या कमाल निम्म्याइतके अंशदान मालकांकडून घेता येते. कमी पडेल तो खर्च सार्वजनिक निधीतून भागतो. लहान नगरपरिषदांना हे काम किचकट वाटते, व तसे ते आहेही.

राहता राहिली कागदाची बाब. पुष्कळ ठिकाणी अभिन्यास मंजूर होऊनही रस्त्यांचे व खुल्या जागेचे क्षेत्र सातबाऱ्यावर मूळ मालकाच्याच नावे राहते. पुढे वारस निर्माण होतात, क्वचित रस्त्याची पट्टीच विकली जाते, आणि खासगी जागेवर खर्च कसा टाकावा, असा आक्षेप लेखापरीक्षणात निघण्याची धास्ती असते. हस्तांतरणाचा दस्त आणि फेरफाराची नोंद अंतिम मंजुरीसोबतच झाली, तर रस्ता पुढे देखभालीसाठी ताब्यात घेताना नगरपरिषदेस अथवा ग्रामपंचायतीस अडचण राहत नाही.