गोड्या-खाऱ्या विहिरींचा नकाशा

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा भिंतीवर टांगलेल्या जिल्ह्याच्या नकाशात दिसत नाही, कारण त्याची सीमा जमिनीच्या वर नसून खाली आहे. दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या तालुक्यांतील गाळाच्या काळ्या जमिनीखालचे पाणी बहुतेक ठिकाणी खारट किंवा मचूळ असले, तरी त्याचा खारेपणा सर्वत्र सारखा नसतो. तो गावागणिक, क्वचित विहिरीगणिक बदलतो आणि पावसाळ्यानंतरही बदलतो. छापील नकाशा हा पट्टा फार तर एका रंगाच्या मोठ्या डागाने दाखवू शकतो. ज्याला विहिरीपर्यंत पोहोचायचे आहे त्याच्या उपयोगाचा नकाशा वेगळा असतो, आणि तो तयार करण्याची साधने आता शाळा-महाविद्यालयांच्या आवाक्यात आली आहेत.

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर जो नकाशा वाचणाऱ्याच्या बोटाने लहान-मोठा होतो, टिंबावर टिचकी मारताच त्या जागेची माहिती उघडतो आणि हवा तो थर दाखवून नको तो झाकतो, त्याला संवादी नकाशा म्हणतात. त्याचे अंतरंग समजून घेतले तर त्याचे गूढ उरत नाही, कारण त्याचे भाग दोनच असतात: तळाशी रस्ते, नद्या, गावे दाखवणारा आधारनकाशा आणि त्यावर अंथरलेले स्वतःच्या माहितीचे थर. आधारनकाशा एकसंध चित्र नसून चौकोनी फरशांचा बनलेला असतो. सर्वांत दूरच्या, म्हणजे शून्य पातळीवर सारे जग एका फरशीत मावते आणि प्रत्येक पुढच्या पातळीवर एका फरशीच्या चार होतात, त्यामुळे बाराव्या पातळीवर जगाच्या १ कोटी ६७ लाखांहून अधिक फरशा होतात, परंतु वाचणाऱ्याच्या पडद्यावर त्यांतल्या लागतील तेवढ्याच उतरतात.

हा तळ विकत घ्यावा लागत नाही. इंग्लंडमध्ये २००४ साली सुरू झालेला ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा प्रकल्प जगभरचे स्वयंसेवक भरतात आणि श्रेय दिल्यास त्याची माहिती कोणालाही वापरता येते. त्यात मराठी नावासाठी स्वतंत्र रकाना आहे, मात्र तो कोणी भरला तरच भरलेला असतो. त्या तळावर एक अक्षरही प्रोग्रॅम न लिहिता स्वतःचे थर ठेवण्याची सोय ‘यूमॅप’ देते, ज्यांना थोडे प्रोग्रॅमिंग येते त्यांच्यासाठी २०११ मध्ये युक्रेनच्या व्लादिमिर अगाफोन्किन यांनी प्रसिद्ध केलेले ‘लीफलेट’ आहे, आणि गावांच्या सीमा, उतार, मातीचे प्रकार यांवर गणित करायचे असेल तर ‘क्यूजीआयएस’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. साधनांची चर्चा येथेच थांबवणे बरे, कारण नकाशा फसतो तो बहुधा साधनामुळे नाही, तक्त्यामुळे फसतो.

प्रत्येक थरामागे एक साधा तक्ता असतो. विहिरींच्या नकाशासाठी त्यातील एका ओळीत गावाचे नाव, अक्षांश, रेखांश, पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण आणि नमुना घेतल्याची तारीख एवढे पाच रकाने पुरतात. अमरावती शहर सुमारे २०.९३ उत्तर अक्षांश आणि ७७.७५ पूर्व रेखांशावर आहे, पण ‘लीफलेट’ आधी अक्षांश मागते, तर नकाशाची माहिती साठवण्याच्या ‘जिओजेसन’ या प्रचलित नमुन्यात आधी रेखांश लिहितात. हा क्रम उलटला की अमरावतीची विहीर उत्तर ध्रुवाजवळ, नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात जाऊन पडते. अशी ढोबळ चूक निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारी चूक अधिक वाईट, आणि तिचे मूळ याच प्रदेशाच्या इतिहासात आहे. दक्षिणेत १८०२ साली विल्यम लॅम्बटन यांनी सुरू केलेली त्रिकोणमितीय मोजणी वऱ्हाडातून उत्तरेकडे सरकली, लॅम्बटन स्वतः १८२३ मध्ये शेजारच्या हिंगणघाटला मरण पावले आणि त्यांचे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नावाने पृथ्वीचा जो आकार मोजणीला आधार म्हणून धरला गेला, त्यावर भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे बेतले गेले. मोबाइलमधील उपग्रहांवर चालणारी यंत्रणा वेगळा आकार गृहीत धरते. जुन्या नकाशावरून उचललेले अक्षांश-रेखांश रूपांतर न करता ऑनलाइन नकाशात टाकले, तर वऱ्हाडात जागा शंभर मीटरांहून अधिक सरकते, म्हणजे एकाची विहीर बिनबोभाट दुसऱ्याच्या धुऱ्याआत जाते.

नावांचा घोळ याहून रोजचा आहे. रोमन लिपीत मूर्तिजापूर एका तक्त्यात ‘जे’ने तर दुसऱ्यात ‘झेड’ने लिहिलेले असते, आणि संगणकाच्या लेखी ती दोन गावे होतात. २०११ च्या जनगणनेने प्रत्येक गावाला दिलेला सहा अंकी क्रमांक तक्त्यात ठेवला, तर हे जोडकाम नावावर अवलंबून राहत नाही. जिल्ह्यांच्या सीमांबाबतही वर्ष पाहावे लागते: वाशीम १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, म्हणून त्याआधीचे अकोला जिल्ह्याचे आकडे आजच्या अकोल्याच्या आकृतीत भरले तर नकाशा सुबक दिसतो आणि साफ चुकीचा असतो.

नकाशाला स्वतःचे रूप देणे म्हणजे लाल टाचणीऐवजी निळी टाचणी लावणे, अशी समजूत सर्रास आढळते. खरा निर्णय रंगांच्या पायऱ्यांचा असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार स्वीकारार्ह आहेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेता येतात. समजा एका तालुक्यातील नोंदी १,८०० ते ६,००० च्या दरम्यान आहेत आणि पायऱ्या पाडण्याचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले. त्याने समान अंतराचे पाच गट पाडले की पहिला गट २,६४० पर्यंत जातो, त्याला हिरवा रंग मिळतो आणि मानकाबाहेरचे पाणी पडद्यावर गोडे ठरते. ५०० आणि २,००० या मर्यादा हाताने भरणे हे दोन मिनिटांचे काम आहे, पण ते करायचे हे माणसाला ठाऊक असावे लागते.

या प्रदेशात नकाशावरून नियोजन करण्याचा मोठा प्रयत्न झालेला आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात १५ जिल्ह्यांतील ५,१४२ गावे घेण्यात आली, त्यांत पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची ९३२ गावे होती. पाऊस, माती, उतार आणि पिके यांवरून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत मुंबईच्या आयआयटीने बसवून दिली आणि त्यासाठी ‘क्यूजीआयएस’चाच आधार घेतला. तथापि ताळेबंद पाणी किती ते सांगतो. कोणत्या विहिरीचे पाणी आज गुरेसुद्धा तोंडी लावत नाहीत, हे त्या गावातल्या माणसालाच माहीत असते.

परवानगीची भीती आता उरलेली नाही, कारण केंद्र शासनाने १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना भूस्थानिक माहिती गोळा करण्यासाठी आणि प्रसिद्ध करण्यासाठी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. देशाची बाह्य सीमा मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच दाखवावी लागते, आणि परदेशी आधारनकाशा वापरताना हे तपासणे नकाशाकाराचे काम आहे. विहीरमालकाचे नाव व फोन नंबर नकाशावर घालण्याचे कारण नाही. गावाचे नाव आणि गट नंबर पुष्कळ झाला, तोही मालकाला विचारून.

अमरावती किंवा अकोल्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने हे काम हाती घ्यायचे ठरवले, तर क्षारमापक यंत्र, मोबाइल आणि एक तक्ता एवढ्यावर सुरुवात होते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. विद्यार्थ्यांनी निदान मे आणि ऑक्टोबर हे दोन महिने चुकवू नयेत आणि टिंबावर टिचकी मारल्यावर उघडणाऱ्या चौकटीत सर्वांत वर मोजणीची तारीख लिहावी.