मावशी, हागेनबेक आणि माधुरी



कोल्हापूरची मावशी सध्या आमच्याकडे हॅम्बर्गला आली आहे. रविवारी तिला हागेनबेक दाखवायला नेले. गजांऐवजी खंदक असलेले हे प्राणिसंग्रहालय १९०७ साली उघडले. पण कार्ल हागेनबेकचा मूळ धंदा सर्कशींना आणि प्राणिसंग्रहालयांना जनावरे पुरवण्याचा. आपण तरी कुठे मागे होतो? कोल्हापूर-बडोद्याच्या संस्थानी साठमारीत हत्तीला डिवचायचे आणि लोकांनी टाळ्या पिटायच्या!

हत्ती दिसताच मावशीला नांदणीच्या जैन मठाची माधुरी आठवली. जुलै २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशाने तिला जामनगरच्या वनतारात नेले, तेव्हा मावशी रडली होती. "अरे, लेकीसारखी सांभाळली होती तिला!"

प्रेम खोटे नव्हतेच. पण हत्तिणी जन्मभर आई-बहिणींच्या कळपात राहतात, आणि माधुरी मठात तीसेक वर्षे एकटी. वर साखळ्या, मिरवणुका, दुखरे पाय, संधिवात. उच्च न्यायालयाने धार्मिक वापरापेक्षा तिचे हित वर ठेवले, ते मला पटते.

मावशीला अजिबात पटले नाही. म्हणाली, "मग हे इथले कुठे मोकळे आहेत रे?"

मुद्दा बिनतोड. ऊ-बानने घरी येईपर्यंत आमचा वाद चालूच होता.