भंडाऱ्याची उंची : 244 की उणे 3072?

भंडारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण 244 मीटर उंचीवर आहे. नासाने जगाला मोफत खुल्या केलेल्या एका फाइलीत ही उंची दोन बाइटांत मावते : पहिला बाइट 0, दुसरा 244. तीच फाइल सी भाषेतल्या एका घाईच्या ओळीने आपल्या नेहमीच्या लॅपटॉपवर वाचली, तर भंडारा समुद्राखाली 3072 मीटर जाऊन बसते. फाइलीतला एक बिटही हललेला नसतो. प्रोग्रामने त्या बाइटांना दिलेला अर्थ तेवढा चुकलेला असतो.

फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ अंतराळयान 60 मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून, त्याच्या टोकाला रडारचा दुसरा अँटेना लावून अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरले. त्या मोजणीतून जगातल्या बहुतेक जमिनीचा उंचीचा नकाशा तयार झाला. एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांश एवढ्या तुकड्याची एक फाइल, आणि नाव नैर्ऋत्य कोपऱ्यावरून. भंडारा, तुमसर आणि मोहाडी ही गावे ‘एन21ई079’ या फाइलीत येतात. पवनी आणि लाखांदूर तिच्या दक्षिणेच्या ‘एन20ई079’मध्ये. बारीक आवृत्तीत 3601 ओळी आणि प्रत्येक ओळीत 3601 उंच्या. प्रत्येक उंचीला दोन बाइट, म्हणजे एकूण 2,59,34,402 बाइट. फाइलीच्या डोक्यावर काहीही लिहिलेले नाही. या बाइटांचे काय समजायचे, हे वाचणाऱ्याने आधीच माहीत करून घ्यायचे.

पवनीच्या फाइलीचे मोल आपल्या जिल्ह्याला विशेष आहे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 मध्ये झाली, पण यान वरून गेले तेव्हा धरण अपुरे होते आणि जलाशय भरलेला नव्हता. आज पाण्याखाली असलेल्या वैनगंगेच्या काठच्या जमिनीचे चढउतार त्या बाइटांत नोंदलेले आहेत. ती जमीन आता वरून रडारने मोजता येत नाही. म्हणून ती नीट वाचणे मला महत्त्वाचे वाटते.

या फाइलीत मोठ्या किमतीचा बाइट आधी येतो. 0 गुणिले 256 अधिक 244, म्हणजे 244. आपल्या लॅपटॉप-मोबाइलमधले प्रोसेसर उलटे वाचतात, धाकटा बाइट आधी धरतात. मग हिशेब होतो 244 गुणिले 256, म्हणजे 62,464. आणि चिन्हासह सोळा बिटांत त्याचाच अर्थ उणे 3072. गंमत पुढेच आहे. 255 मीटरची जागा उणे 256 दिसते आणि तिच्याहून एकच मीटर उंच असलेली 256 मीटरची जागा दिसते 1 मीटर. असा नकाशा उघडताच डोळ्यांना खुपतो, चूक लगेच पकडली जाते.

खरी भीती न खुपणाऱ्या चुकीची. जिथे रडारला उत्तरच मिळाले नाही, तिथे फाइलीत उणे 32768 हा आकडा ‘माहिती नाही’ या अर्थाने ठेवलेला असतो. पहिल्या, असंपादित आवृत्तीत अशी भोके तीव्र उतारांवर आणि शांत पाण्यावर पडली, कारण सपाट पाणी रडारची लहर दुसरीकडेच परतवते. भंडारा हा मामा (माजी मालगुजारी) तलावांचा जिल्हा. इथे पाण्याची जागा दुर्लक्षून चालत नाही. उणे 32768चे बाइट 128 आणि 0. ते उलटे वाचले की निघतात 128 मीटर! दिसायला अगदी शहाणा आकडा. ‘माहिती नाही’चे ‘खोल खड्डा’ झाले, आणि भोके शोधणारी तपासणी त्यावरून निमूट पुढे गेली.

रूपांतर आणि पुनर्वाचन यांतला फरक इथे पक्का करून घेऊ. 244.0 या दशांश संख्येचे पूर्णांकात रूपांतर केले तर 244 मिळतात. तिचे 32 बिट जसेच्या तसे ठेवून त्यांना पूर्णांक म्हटले, तर मिळतात 1,13,16,75,648. दोन्ही क्रिया कायदेशीर आहेत, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही. छापखान्यातली जुन्या फाँटची मराठी फाइल दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडते, तेव्हा घडते ते हेच पुनर्वाचन.

सी भाषेत बाइटांच्या रांगेकडे पॉइंटर वळवून ‘हे आता सोळा बिटांचे पूर्णांक समज’ असे सांगण्याची सवय जुनी आहे. त्यात बाइटांच्या क्रमाखेरीज आणखी दोन खड्डे आहेत. पहिला, पत्ता : दोन बाइटांची संख्या बहुधा सम पत्त्यावर असावी लागते, नसेल तर काही प्रोसेसर जागीच थांबतात. दुसरा अधिक कपटी. एकाच जागेकडे दोन असंबद्ध प्रकारांनी पाहिले जाणार नाही, असे सीचे प्रमाणक कंपायलरला गृहीत धरू देते. त्या भरवशावर जीसीसी हा कंपायलर वेग वाढवण्याच्या ‘ओ2’ पातळीवर वाचन-लेखनाचा क्रम बदलू शकतो, आणि तपासताना बरोबर चाललेला प्रोग्राम वेगवान बांधणीत चुकतो. लिनक्सच्या कर्नलने तर हे गृहीतकच बंद करून ठेवले आहे.

सुरक्षित वाट साधी आहे. ‘मेमकॉपी’ने दोन बाइट उचलून नव्या चलात ठेवावेत, मग क्रम लावावा, किंवा सरळ 256 ने गुणून बेरीज करावी. यात वेळ जातो ही समजूत जुनी झाली. आजचे कंपायलर या मोजक्या बाइटांच्या ‘मेमकॉपी’ची एकच सूचना करतात. सी++20 मधला ‘बिट-कास्ट’ दोन्ही बाजूंचे आकार जुळत नसतील तर प्रोग्राम बांधूच देत नाही. रस्ट भाषेतला ‘ट्रान्सम्यूट’ही आकार तपासतो, पण फक्त आकारच, म्हणून तो ‘अनसेफ’च्या कुंपणात ठेवलेला आहे. होय-नाही साठवणाऱ्या बाइटात 0 किंवा 1 च चालते. तिथे बाहेरून आलेला 2 बसवला, तर आकार जुळूनही प्रोग्रामच्या वागण्याची हमी संपते.

माझ्या मते आज सर्वांत चांगले उत्तर रस्टच्या ‘झिरोकॉपी’ या ग्रंथालयात आहे. ‘मोठा बाइट आधी’ हा क्रम तिथे प्रकाराच्या नावातच लिहिता येतो आणि पत्ता सम असण्याची अट उरत नाही. अडीच कोटींहून अधिक बाइट न हलवता फाइल उंच्यांची रांग म्हणून वाचता येते, आणि क्रम विसरण्याची सोयच राहत नाही. प्रोग्रामरच्या स्मरणशक्तीवर सोडलेला नियम कंपायलरच्या हाती जातो. भोके मात्र तरीही आपणच वगळायची.

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले. तेव्हापासून पूररेषा हा शब्द इथे घराघरांत कळतो. या उंचीनोंदींची अचूकता मुळात 16 मीटरच्या मर्यादेत ठरवलेली होती, त्यामुळे घराच्या उंबरठ्यापर्यंत पाणी येईल का, हे त्यांवरून कोणी सांगू नये. खोऱ्याचा एकूण उतार, पाणलोटाची सीमा, गोसीखुर्दखाली गेलेल्या जमिनीचा आकार यांसाठी त्या उपयोगी आहेत. भंडारा-नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या शिक्षकांना विनंती आहे : प्रात्यक्षिकाला ‘एन20ई079’ द्या. विद्यार्थ्यांना आधी फाइलीचा आकार तपासायला लावा, मग बाइटांचा क्रम लिहायला लावा, उणे 32768 वेगळे काढायला लावा, आणि त्यानंतरच पवनीचा नकाशा काढू द्या.